वळणावर सोळा फूट

नांदेडच्या एका विधी महाविद्यालयात मी नाव घातलं तेव्हा मला पस्तिसावं लागलं होतं. धाकटी मुलगी शाळेत जायला लागली, सकाळचे चार तास मोकळे झाले, आणि लग्नाआधी मिळवलेली बी.ए.ची पदवी कपाटात नुसती पडून होती. वर्गातली मुलं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. पहिले दोन दिवस ती मला बघून उभी राहायची, कारण मी शिकवायला आलेय असं त्यांना वाटायचं.

रोमन कायदा आम्हाला स्वतंत्र विषय म्हणून नव्हता. न्यायशास्त्राच्या पुस्तकात त्याला दीड पान दिलेलं होतं. हा पेपर शिकवायला एक निवृत्त प्राध्यापक यायचे. पंचाहत्तरीच्या पुढचे, मूळचे उदगीरकडचे. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात अदालतीत कारकून होते, त्यामुळे सरांच्या बोलण्यात मुकदमा, मामला, फैसला असे शब्द सहज येऊन जायचे. ते दीड पान त्यांनी वीस मिनिटांत संपवलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, ज्यांना याच्या पुढचं ऐकायचंय त्यांनी शनिवारी तीन वाजता याच खोलीत यावं. परीक्षेत यातलं काही येणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

पहिल्या शनिवारी आठ जण आले. तिसऱ्या शनिवारी आम्ही दोघं उरलो. एक मी आणि दुसरा कोर्टात टायपिंग करणारा एक चाळिशीचा माणूस. तो रोज सकाळी कॉलेज करून कोर्टात जायचा. शनिवारी मात्र निवांत असायचा.

सर तारखा, राजे, लढाया यातलं काही सांगत नसत. त्यांनी आपलं पेन माझ्या बाकावर ठेवलं आणि टायपिस्टला विचारलं, हे कोणाचं? तो म्हणाला, तुमचं. मग कोणाकडे आहे? बाईंकडे. बस, म्हणाले, एवढ्यावर त्या लोकांनी शेकडो वर्षं डोकं लावलं. मालकी वेगळी, ताबा वेगळा. आजही जमिनीच्या कुठल्याही मुकदम्यात न्यायाधीश पहिल्यांदा हेच दोन प्रश्न सुटे करून घेतो. आणि हे सगळं आपल्यापर्यंत आलं कसं, ते त्यांनी दोन-तीन वाक्यांत सांगितलं. राज्य बुडालं, पुस्तकं राहिली. काही शतकांनी इटलीतल्या मास्तरांनी ती पुन्हा शिकवायला घेतली, त्यावरून अर्ध्या युरोपनं आपापले कायदे बांधले. इंग्रज म्हणायचे की आमचं आम्ही केलं, पण वाटेचं, पाण्याचं, शेजाऱ्याच्या भिंतीचं त्यांनीही बरंचसं तिथूनच उचललं आणि इकडे येताना सोबत आणलं.

वाटेचा धडा दिवाळीनंतरच्या एका शनिवारी झाला. दुसऱ्याच्या जमिनीतून जायचा हक्क रोमन लोकांनी तीन प्रकारांत मोडला होता. पहिला, माणसानं चालत जायचा. दुसरा, जनावरं आणि गाडी हाकत न्यायचा. तिसरा पुऱ्या रस्त्याचा, म्हणजे ओझं लादलेली गाडीसुद्धा नेता येईल असा. पहिल्याला ते 'इतेर' म्हणत. मी ते वहीत 'इतर' असं लिहिलं आणि सरांनी वाचून हसून सोडून दिलं. मग ते म्हणाले, या तिसऱ्या रस्त्याची रुंदीसुद्धा त्यांच्या सगळ्यात जुन्या कायद्यात ठरलेली होती. बारा पाट्यांवर कोरून भर चौकात लावलेला कायदा होता तो. रस्ता सरळ असेल तिथे आठ फूट. वळणावर सोळा.

टायपिस्टनं विचारलं, वळणावर दुप्पट कशाला? सर म्हणाले, बैलगाडी हाकली आहे का कधी? मी हाकली नव्हती, पण माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या शेजारी बसून हजार वेळा गेले होते. वळणावर बैल पुढून वळतात आणि मागून येणारं चाक आतल्या बाजूला सरकतं, हे मला माहीत होतं. ते कायद्यात लिहायची गोष्ट असते, हे माहीत नव्हतं.

त्याच दिवशी टायपिस्टनं आणखी एक विचारलं. या तीन हक्कांपैकी गुलामाला कोणता होता? सर म्हणाले, कोणताच नाही. तो वस्तूत मोजला जायचा, बैलासारखा. टायपिस्टनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, आमच्या गावातही रस्ता होता सर, त्याची रुंदी सगळ्यांना ठाऊक होती, पण माझ्या आज्याला त्यावरून चालता येत नव्हतं. सरांनी खिशातली छोटी वही काढली आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. नंतर बराच वेळ त्या वाक्याचा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. मागच्या चाकाची एवढी काळजी घेणारा कायदा चालणाऱ्या माणसाकडे बघायला विसरला होता. सर त्या कायद्यावर जीव लावून होते, पण त्याची बाजू घेऊन ते कधी खोटं बोलले नाहीत.

माझं माहेर अहमदपूर आणि जळकोटच्या मधल्या एका गावात. आज्जा गेल्यावर अप्पा आणि काका या दोघा भावांत वाटणी झाली. डांबरी रस्त्याला लागून असलेलं शेत काकांकडे आलं, मागचं विहिरीचं काळं रान अप्पांकडे. अप्पांना आपल्या रानात जायचं तर काकांच्या शेतातूनच जावं लागायचं. बैलगाडी होती तोवर कोणी कोणाला विचारलं नाही. पुढे अप्पांनी ऊस लावला, ट्रॅक्टर यायला लागले, काकांच्या कडेच्या ओळी तुडवल्या जायला लागल्या, आणि दोन्ही घरांत कुरबुर सुरू झाली. एक दिवस अप्पांनी तहसीलला अर्ज केला. रीतसर चौकशी झाली, पंचनामा झाला आणि काकांच्या बांधाला लागून आठ फुटांचा रस्ता मंजूर झाला. त्या दिवसापासून दोघं भाऊ बोलायचे थांबले. ही गोष्ट मी कॉलेजात जायच्या चार वर्षं आधीची.

आमच्यात माणूस गेल्यावर पुरतात. आज्जाची समाधी त्याच शेतात, त्याच रस्त्याच्या कडेला. चौकोनी दगडी कट्टा, वर पिंड आणि समोर हातभर नंदी. बांध तिथे काटकोनात वळतो, आणि समाधी त्या वळणाच्या आतल्या कोपऱ्यात येते. वाटणीत ती जागा काकांच्या वाट्याला गेली होती.

वाटेचा धडा झाला त्याच हिवाळ्यात, ऊसतोड चालू असताना भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन निघालेला ट्रॅक्टर त्या कोपऱ्यावर वळला आणि मागची ट्रॉली आत सरकली. कट्ट्याचा कोपरा फुटला आणि नंदी खाली पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आणून टाकल्या, त्यावर दोन मोठे दगड ठेवले.

अप्पांचा फोन आला. ते कमी बोलणारे आहेत. म्हणाले, "तू वकिली शिकायलीस न्हवं? मग ये आन एक अर्ज लिहून दे. रस्ता अडीवलाय त्यानं."

मी लोह्यावरून जाणाऱ्या एसटीनं अहमदपूरला उतरले आणि तिथून गावी गेले. आधी मंजुरीचा कागद वाचला. त्यात आठ फूट रुंदी स्वच्छ लिहिलेली होती, वळणाचा उल्लेख नव्हता. अर्जासोबत अप्पांनी स्वतः काढून दिलेला कच्चा नकाशाही होता आणि त्यात त्यांनी रस्ता पट्टी लावून सरळ ओढलेला होता. मी विचारलं, अप्पा, यात वळण कुठं आहे? ते म्हणाले, वळण सगळ्यांना दिसतंयच की.

मला मात्र तो कागद बघून आनंद झाला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. शनिवारी शिकलेली गोष्ट महिन्याभरात अशी समोर येऊन उभी राहील असं वाटलं नव्हतं. मी वही घेऊन तडक काकांकडे गेले. काकूंनी पाणी दिलं, चहा ठेवला. काका ओसरीवर बसलेले होते, कपाळावर सकाळची विभूती तशीच. मी त्यांना समजावून सांगितलं, की रस्ता नुसता आठ फूट असून भागत नाही, वळणावर तो रुंद लागतो, आणि हे काही मी म्हणत नाही, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी रोममध्ये हा कायदा होता. वळणावर तुम्ही थोडी जागा सोडली तर कोणाचंच नुकसान होणार नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या रोमवाल्यांनी, वळणावर बापाची समाधी असली तर काय करावं, ते लिहून ठिवलंय का माय?"

काकूंनी चहा आणून ठेवला, मी तो प्याले आणि उठले. अर्जही लिहिला नाही. अप्पांना सांगितलं की आठ दिवस थांबा, ऊस काकांच्या कडेनं डोक्यावरून काढता येतोय तेवढा काढा. ते नाराज झाले.

पुढच्या शनिवारी मी सरांना सगळा मामला सांगितला. मला वाटलं होतं, ते वळणाच्या नियमाबद्दल बोलतील. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला आणि विचारलं, तुमच्या काकांना काय पाहिजे?

मी म्हणाले, ते मी विचारलं नाही.

"म्हणजे तुम्ही ऐकवायला गेला होता बाई," ते म्हणाले. "ऐकायला अजून कोणी गेलंच नाही."

दुसरी बाजू ऐकल्याशिवाय फैसला द्यायचा नाही, हे तत्त्व आम्ही दोन पेपरांत पाठ केलं होतं. कोर्टाला ते लागू होतं हे मला ठाऊक होतं. काकूंच्या ओसरीवरही लागू होतं, हे सुचलं नव्हतं. टायपिस्ट खाली बघून हसत होता.

मग सर काकांच्या प्रश्नाकडे आले. रोमवाल्यांनी ते लिहून ठेवलं होतं. माणूस जिथे पुरला जातो ती जागा त्या कायद्यात कोणाच्याच मालकीची राहत नसे. शेत कोणाच्याही नावावर असो, विकलं जावो, वाटलं जावो, ज्यांचा माणूस तिथे आहे त्यांना तिथवर जायची वाट द्यावी लागे. आणि आणखी एक होतं. दुसऱ्याच्या जमिनीतला हक्क सांभाळून वापरायचा, त्या जमिनीला कमीत कमी तोशीस लागेल असा. हक्क आहे म्हणून चाकं कुठूनही घालायची नाहीत.

घरी आल्यावर मी अप्पांना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, आज्जाच्या समाधीला तुम्ही शेवटचं कधी गेला होता?

"ऑर्डरीत रस्त्याचं हाय," अप्पा म्हणाले. "समाधीचं न्हाई."

मग तुम्ही जातच नाही? ते म्हणाले, सोमवारी रानात जाताना रस्त्यावर थांबतो, तिथूनच हात जोडतो. समाधी रस्त्यापासून चार हातांवर आहे. ते चार हात काकांचे, आणि चार वर्षांत अप्पांनी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. काकांनी अडवलं म्हणून नव्हे. आपण कागद आणून आठ फूट मागून घेतले, आता नववा फूट कोणत्या तोंडानं मागायचा, असं त्यांना वाटत होतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते. अप्पांचा मला रागही आला आणि भरूनही आलं. हा माणूस कायद्याला माझ्यापेक्षा जास्त मानत होता.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मला ती जागा बघायची आहे. मी म्हणाले, सर, एसटीनं दोन-तीन तास जातात, पुढं गावापर्यंत रिक्षा, तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही. ते म्हणाले, पन्नास वर्षं मी हा रस्ता फळ्यावर काढतोय, एकदा चालून बघतो.

रविवारी आम्ही गेलो. मी काकांना आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की माझे गुरुजी येणार आहेत, त्यांना तुमचं म्हणणं ऐकायचंय. एवढंच. काका फाट्यावर स्वतः न्यायला आले होते. त्यांनी सरांना आमच्यातल्या रीतीनं 'शरणार्थ' म्हणून हात जोडले, सरांनीही जोडले. मग काठी टेकत टेकत सर त्या बांधावरून चालायला लागले. बाजूला हरभरा घाट्यांना आला होता. काकांनी चालता चालता चार डहाळे उपटून त्यांच्या हातात दिले.

समाधीपाशी आल्यावर सर कट्ट्याच्या चांगल्या बाजूला बसले आणि घाटे सोलायला लागले. रोमचं नावही त्यांनी काढलं नाही. काकांना म्हणाले, सांगा, सुरुवातीपासून सांगा.

काका तासभर बोलले असतील. आज्जाचं आजारपण, वाटणी, कोणत्या वर्षी कोणत्या ओळी तुडवल्या गेल्या, सगळं. मी त्यांची पुतणी, पण यातलं निम्मं मला नवीन होतं. बोलता बोलता ते तहसीलच्या नोटिशीवर आले.

"भाऊ माझ्या घरापासून चाळीस पावलावर राहतो," ते म्हणाले. "आन त्याला रस्ता पाहिजे हे मला सरकारी कागदावरून कळलं. मी न्हाई म्हणलो असतो का? असंल, म्हणलोबी असतो. दोन दिवस भांडलो असतो. पण आधी इचारायचं तरी."

सर म्हणाले, बरोबर आहे. एवढंच म्हणाले.

अप्पा त्या वेळी रस्त्यावर उभे होते. आम्ही आलोय हे बघून ते आपल्या रानातून चालत आले होते आणि बाभळीच्या फांद्यांच्या पलीकडे थांबले होते. काकांची पाठ त्यांच्याकडे होती, पण त्यांनी हे सगळं ऐकलं होतं, कारण ते अंतर फार नव्हतं. सरांनी त्यांना हाक मारली. या ना, असे लांब का. अप्पांनी काकांच्या पाठीकडे बघितलं आणि जागचे हलले नाहीत.

काका वळले. मग काका म्हणाले, "ये की. बापाकडं यायला तुला कोणाची ऑर्डर लागती का?"

अप्पांनी चप्पल काढली, फांद्यांना वळसा घातला आणि आत आले. फुटलेल्या कोपऱ्यावर त्यांनी हात ठेवला. माझ्याकडे पाठ करून ते उभे होते, त्यामुळे चेहरा दिसला नाही. नंदी कुठंय, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, घरी हाय, देवापाशी ठिवलाय, कान उडलाय त्याचा. अप्पा म्हणाले, चूक ड्रायव्हरची न्हवती. भरलेली गाडी आहे, अंधार पडायच्या आत काढ म्हणून मीच त्याला घाई केली. ही गोष्ट त्यांनी मला फोनवर सांगितली नव्हती.

त्यानंतर सरांनी बोलायला सुरुवात केली. त्यांनी दोघांनाही एकच सांगितलं. जुन्या कायद्यात हा हक्क माणसाचा माणसावर नव्हता. एक शेत दुसऱ्या शेताच्या उपयोगी पडतं, एवढंच होतं. पुढचं रान मागच्या रानाला वाट देतं. मालक बदलतात, रानं तिथंच राहतात. यात कोणी कोणाचा नोकर होत नाही आणि कोणी कोणाला हरवतही नाही. काका हे ऐकत होते ते मान खाली घालून. मग म्हणाले, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते खरं होतं की नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाले, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी टेप आणला. समाधीला हात लावायचा नव्हता, त्यामुळे वळण बाहेरच्या अंगाला रुंद करावं लागणार होतं, म्हणजे बांधापलीकडे, तिथल्या काकांच्याच हरभऱ्यात. सर म्हणाले, सोळा फूट. काकांनी टेप धरून सोळा फुटांवर काडी रोवली, मागे सरकून बघितलं आणि काडी उपटली.

"सोळा लई होतंय," ते म्हणाले. "बारा."

अप्पा लगेच म्हणाले, बारा चालतंय. सर काहीतरी सांगायला गेले, पण दोघा भावांचं एकमत झालेलं बघून थांबले. मला वाटतं, एवढ्या जुन्या नियमातले चार फूट असे हरभऱ्याच्या ओळीपायी गेलेले बघून त्यांना थोडं वाईट वाटलं असावं. परत येताना बसमध्ये ते म्हणाले, त्यांचा फूट आपल्यापेक्षा किंचित लहान होता, तो हिशोब धरला तर साडेपंधराच्या आसपास येतं. मग स्वतःच म्हणाले, असू द्या, रोमन लोकही शेवटी घासाघीस करत असतीलच.

मी त्या दिवशी अर्ज लिहिला नाही, दोघांच्या सहीची तडजोड लिहिली. त्यात तीन गोष्टी घातल्या. वळणावर बाहेरच्या अंगानं बारा फूट, भरलेल्या ट्रॉल्या पिकात उतरवायच्या नाहीत, आणि समाधीला दोन्ही घरांनी कधीही जावं. तिसरी गोष्ट लिहायची काय गरज आहे, असं काका म्हणाले. अप्पा म्हणाले, लिही. मी लिहिली. पुढे ती तडजोड रीतसर तहसीलच्या कागदाला जोडली गेली.

हरभरा निघेपर्यंत काकांनी वळण मोकळं करून दिलं नाही. कबूल केल्याप्रमाणे दिलं, पण पीक काढल्यावरच. बाभळीच्या फांद्या मात्र त्यांनी लगेच काढल्या, आणि तोवर अप्पांचा उरलेला ऊस एका-एका ट्रॉलीनं निघाला. पुढच्या हंगामात पहिल्यांदा दोन ट्रॉल्या वळल्या तेव्हा ड्रायव्हरला एकदा मागंपुढं करावं लागलं. कट्टा अप्पांनी स्वतः बसून दुरुस्त केला. सिमेंट जास्त लावलं म्हणून काकांनी नावं ठेवली. दोघं एकमेकांशी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. लग्नकार्यात एकमेकांकडे जेवतात, पिकाचं, पावसाचं विचारतात. नोटिशीचा विषय निघाला की अजून काका उठून आत जातात.

टायपिस्टला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, गाडीचं चाक आत सरकतं हे तर गावातल्या कोणालाही माहीत होतं, मग यात रोमचं काय? तोच प्रश्न त्यानं सरांना विचारला. सर म्हणाले, माहीत सगळ्यांनाच असतं. त्यांनी लिहून ठेवलं, आणि लिहिलेलं होतं म्हणून कोणीतरी पुढे त्याच्याशी भांडू शकलं, ते सुधारू शकलं. टायपिस्टला हे पूर्ण पटलं नाही. तो म्हणाला, लिहिणारे कोण होते हेही बघायला पाहिजे. सर म्हणाले, बघा, आणि तुम्हीही लिहा. तो आता स्वतः वकिली करतो आणि त्याचे युक्तिवाद माझ्यापेक्षा नेमके असतात.

परीक्षेत रोमन कायद्यावर खरोखरच एकही प्रश्न आला नाही. सनद मिळाल्यावर मी लातूरला आले, कारण मुलींचं शिक्षण तिथे होतं. माझ्याकडे येणाऱ्या कामांपैकी पुष्कळशी वाटांची, बांधांची आणि पाटाच्या पाण्याची असतात. युक्तिवादात मी रोमचं नाव घेत नाही. न्यायाधीशांपुढे आजचं कलम सांगावं लागतं, आणि तेच योग्य आहे. पण पक्षकार पहिल्यांदा येतो तेव्हा मी त्याला विचारते, हे तुम्ही शेजाऱ्याला तोंडानं सांगितलंय का? बहुतेक जण म्हणतात, नाही. काही जण रागानं उठून दुसऱ्या वकिलाकडे जातात. दोन-चार असे निघतात की आठवड्यानं फोन करून सांगतात, मॅडम, राहू द्या आता.

सर सध्या लातूरलाच त्यांच्या मुलीकडे असतात. डोळ्यांना फार कमी दिसतं. महिन्यातून दोनदा मी त्यांच्याकडे जाते आणि त्यांना हवं ते पान वाचून दाखवते. मागच्या वेळी धडा मधमाश्यांचा होता. पोळं उठून दुसऱ्याच्या झाडावर बसलं तर माश्या कोणाच्या, यावर जुन्या पंडितांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. जोवर तुझ्या नजरेच्या टप्प्यात आहेत आणि तू मागे जातोयस तोवर तुझ्या, नंतर जो धरेल त्याच्या. मी वाचून थांबले. सरांनी डोळे मिटलेले होते, मला वाटलं डोळा लागला. मग त्यांनी विचारलं, आपल्याकडे असा एखादा मुकदमा आलाय का? मी म्हणाले, अजून नाही सर. ते म्हणाले, आला की मला सांगा, आणि त्यांनी मुलीला चहा टाकायला सांगितलं.